शोकाला रान लागते

१० ऑगस्ट १६३७. चेस्टरहून डब्लिनकडे निघालेले एक जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि बुडाले. बुडालेल्यांत एडवर्ड किंग होता. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजचा फेलो, लॅटिनमध्ये पद्यरचना करणारा, पुढे धर्मोपदेशक होऊ पाहणारा, पंचविशीतला तरुण. त्याचा देह हाती लागला नाही. पुढच्या वर्षी केंब्रिजमधल्या स्नेह्यांनी त्याच्या स्मरणार्थ ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी कवितांचे एक पुस्तक छापले. त्यातल्या अगदी शेवटच्या कवितेखाली कवीचे पूर्ण नाव नव्हते, फक्त आद्याक्षरे होती. ती कविता म्हणजे ‘लिसिडस’, आणि ती आद्याक्षरे जॉन मिल्टनची.

१९३ ओळींच्या या कवितेत एडवर्ड किंग हे नाव एकदाही येत नाही. कॉलेज नाही, ग्रंथालय नाही, पदवी नाही. कवी सांगतो ते असे: आम्ही दोघे एकाच टेकडीवर वाढलो, एकाच झऱ्याकाठी एकच कळप राखला, पहाटे दवात मेंढ्या घेऊन निघालो आणि रात्री तारे उगवेपर्यंत पावा वाजवला. मिल्टन हा लंडनमध्ये दस्तऐवज लिहिण्याचा व्यवसाय करणाऱ्या सुखवस्तू गृहस्थाचा मुलगा. त्याने आयुष्यात मेंढरू राखले नव्हते. मग मित्र गेल्यावर त्याने मेंढपाळाचा वेश का घेतला?

हे पहिले नवल. दुसरे त्याहून मोठे आहे. या कवितेच्या काही शतके आधी, ग्रीक-लॅटिनचा वाराही जिथे पोचला नव्हता अशा मराठी मुलुखात, एका कवीने दुसऱ्या तरुण कवीला दिलेल्या निरोपाची कविता रचली गेली. तिच्यातही चराचर रडते, देव आणि संत रांगेने येतात, अंथरायला पाने-फुले आणली जातात, आणि शेवटी सूर्याचा दृष्टान्त येतो. निरोप देणारे नामदेव, आणि निरोप घेणारे ज्ञानदेव, ज्यांनी आपला सर्वांत मोठा ग्रंथ आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशात, प्रवरेच्या काठी सांगितला.

सिसिलीच्या गुराख्याचे मरण

इंग्रजीतल्या या काव्यप्रकाराचे मूळ इंग्लंडात नाही. ते भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटावर, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सापडते. सिराक्यूजचा थिओक्रिटस हा ग्रीक कवी. त्याच्या पहिल्याच काव्यात थिर्सिस नावाचा मेंढपाळ आणि एक शेळ्या राखणारा गडी दुपारी सावलीत बसले आहेत. गडी म्हणतो, तू डॅफ्निसचे गाणे म्हण, मी तुला जुळी करडे झालेल्या शेळीचे दूध तीनदा काढू देईन, शिवाय कोरीव नक्षीचा एक लाकडी प्यालाही देईन. मग थिर्सिस गातो.

गाण्यातला डॅफ्निस हा गुराखी प्रेमाच्या दुःखाने झिजत मरतो आहे. त्याच्यासाठी कोल्हे ओरडतात, लांडगे रडतात, रानातला सिंहही शोक करतो. गाई, बैल, कालवडी त्याच्या पायाशी येऊन हंबरतात. देव येतात, गुराखी येतात, मेंढपाळ येतात, आणि जो तो विचारतो, बाबा, तुला झाले तरी काय? मरता मरता डॅफ्निस रानाचा, ओढ्यांचा, जनावरांचा एकेक करून निरोप घेतो. आपण चाललो, तर आता सृष्टीनेही उलटे चालावे असे तो म्हणतो: काटेरी झुडपांना फुले यावीत, पाइनला नासपती लागावी.

पुढे बायॉन नावाचा कवी वारला, तेव्हा त्याच्यासाठी एक शोककाव्य लिहिले गेले. परंपरेने ते मॉस्कसच्या नावावर आहे. इथे या प्रकाराला निर्णायक वळण मिळाले: गेलेला माणूस कवी आणि रडणाराही कवी, दोघेही गुराख्याच्या रूपात. त्या काव्यातला एक विचार आजही वाचणाऱ्याला थांबवतो. परसातली भाजी, शेपू, कोथिंबिरीसारखी पाने सुकतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतात, पण एवढे थोर, एवढे शहाणे आपण माणसे मात्र एकदा मातीत गेलो की कधीच उठत नाही. निसर्गाच्या चक्रात माणसाला जागा का नाही, हा प्रश्न या काव्यप्रकाराच्या गाभ्यात तेव्हापासून आहे.

उत्तर दिले रोमन कवी व्हर्जिलने. त्याच्या पाचव्या गोपकाव्यात डॅफ्निस मरतो, रान ओसाड पडते, आणि मग दुसरा मेंढपाळ गातो की डॅफ्निस आता स्वर्गाच्या उंबरठ्यावर उभा आहे, ढग आणि तारे त्याच्या पायाखाली आहेत. तिथून पुढे विलापाला जोडून सांत्वन आले. आधी रडायचे, मनसोक्त रडायचे, आणि रडण्याच्या शेवटी गेलेल्याला नवी जागा द्यायची.

इंग्रजीत आलेला वेश

इंग्रजीत हा वेश १५७९ मध्ये एडमंड स्पेन्सरच्या ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’मध्ये उठून दिसला. वर्षाच्या १२ महिन्यांची १२ मेंढपाळ-काव्ये, आणि त्यातल्या नोव्हेंबरच्या काव्यात एका तरुणीच्या मृत्यूचा शोक. थंडीच्या तोंडावर शोकाचे गाणे यावे, ही निवड किती नेमकी!

मिल्टनने या परंपरेतले सगळे टप्पे एकाच कवितेत ओवले. आधी काव्यदेवतांना आवाहन. मग वने, गुहा, झुडपे यांचा शोक. मग सवाल: जलदेवतांनो, तो बुडत होता तेव्हा तुम्ही कुठे होता? मग दुःखितांची रांग. समुद्रदेवाचा दूत येऊन सांगतो की त्या दिवशी वारा पडलेला होता, पाणी शांत होते. केंब्रिजमधून वाहणारी कॅम नदी म्हाताऱ्याच्या रूपात, लव्हाळ्याची टोपी घालून येते. शेवटी येतो किल्ल्या हाती घेतलेला संत पीटर. तो कळप उपाशी ठेवून स्वतः चरणाऱ्या धर्मोपदेशकांवर असा कडाडतो की मित्राच्या शोकाला क्षणात राजकीय धार चढते. त्यानंतर फुलांची रास. दऱ्याखोऱ्यांनो, तुमची सगळी फुले आणा आणि त्याच्या तिरडीवर वाहा.

आणि इथेच कवी दचकतो. कसली तिरडी? देह तर समुद्रात आहे, लाटा त्याला कुठल्या कुठे फेकत असतील. फुले वाहायला जागाच नाही, हे कळण्याचा तो क्षण इंग्रजी कवितेतल्या अत्यंत प्रामाणिक क्षणांपैकी एक आहे. त्या तळाला गेल्यावरच कवी वर येतो. मेंढपाळांनो, रडणे थांबवा, सूर्य समुद्रात बुडतो आणि पुन्हा उगवतो, तसा तो गेला आहे. यापुढे तो या किनाऱ्याचा राखणदार होईल, वाटसरूंना सांभाळील.

मिल्टनची आई त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारली होती. तो स्वतः २८ वर्षांचा होता, मोठे काम अजून हातून व्हायचे होते. रात्रंदिवस खपून कविता साधायची आणि फळ हाती येण्याआधीच आयुष्याचा धागा तुटायचा, तर हा खटाटोप कशाला? हा प्रश्न कवितेत मेंढपाळ विचारतो, पण तो मिल्टनचा स्वतःचा आहे. आपल्या नावाने विचारायला जो प्रश्न जड गेला असता, तो त्याला उसन्या वेशात विचारता आला. पहिल्या नवलाचे उत्तर इथे मिळते. तो वेश दुःख झाकत नाही. दुःखाला उभे राहायला जागा देतो.

पुढची दोन शतके ही वाट वाहती राहिली. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी कवी जॉन कीट्स वयाच्या २५ व्या वर्षी रोममध्ये क्षयाने गेला. कवी शेलीने त्याच्यासाठी ५५ कडव्यांची ‘अडोनेस’ लिहिली आणि ती त्याच वर्षी पिसा शहरात छापली. त्यात शोकाला येणारे मेंढपाळ म्हणजे बायरन, मूर आणि खुद्द शेली. अखेरच्या कडव्यात कवी स्वतःलाच किनाऱ्यापासून दूर, वादळी अंधारात निघालेल्या नावेत पाहतो. वर्षभराने, ८ जुलै १८२२ रोजी, शेलीची नाव इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाली. दहा दिवसांनी वाहून आलेल्या देहाच्या खिशात कीट्सच्या कवितांचे पुस्तक होते. त्याची रक्षा रोमच्या ज्या दफनभूमीत ठेवली, तिथेच कीट्सही आहे.

मॅथ्यू अर्नोल्डने मित्र आर्थर ह्यू क्लफ याच्यासाठी १८६० च्या दशकात ‘थिर्सिस’ लिहिली आणि नाव थेट थिओक्रिटसच्या मेंढपाळाचे घेतले. पण टेकड्या मात्र ऑक्सफर्डजवळच्या, दोघे मित्र खरोखर हिंडलेले. परंपरेचा वेश हळूहळू खऱ्या मातीला लागत होता.

नेवासे ते आळंदी

आता आपल्या मातीकडे. शके १२१२, म्हणजे १२९०. नेवाशात ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सांगताना ज्ञानदेव ज्या खांबाला टेकून बसले असे परंपरा मानते, तो पैस खांब आजही नेवाशात उभा आहे. दुर्गा भागवतांनी त्याच्यावर लेख लिहिला आणि ज्या संग्रहाला ‘पैस’ हेच नाव दिले, त्याला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नेवाशानंतर अवघ्या सहा वर्षांनी, शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. वय २१. नामदेवांनी त्यांचे चरित्र अभंगांतून सांगितले आहे. त्याचे तीन भाग: आदि, तीर्थावळी आणि समाधी. मराठीतल्या सुरुवातीच्या चरित्रांपैकी हे एक मानले जाते. त्यातला समाधीचा भाग म्हणजे मराठीतली पहिली मोठी विलापिका.

सिसिली किंवा केंब्रिजशी कसलाही संबंध नसताना तेच टप्पे इथे एकामागून एक येत जातात. दुःखितांची रांग: पंढरीहून खुद्द विठ्ठल येतो, संतांचा मेळा येतो. अंथरूण: नामदेवांचे पुत्र नारा, विठा, गोंदा आणि महादा समाधीची जागा झाडून स्वच्छ करतात, आणि आत तुळस, बेल, दर्भ, फुले पसरतात. मिल्टनच्या फुलांना वाहायला तिरडी नव्हती. इथल्या तुळशीला जागा आहे, आणि त्या जागेवर येऊन बसणारा अजून चालता-बोलता आहे. ज्ञानदेवांना आपली तिथी ठाऊक आहे, सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून शोक समाधीच्या आधीच सुरू होतो. डॅफ्निससारखेच इथे जाणाऱ्याला भेटायला लोक येतात, आणि तो त्यांचा निरोप घेतो.

पण नामदेवांनी जे साधले ते इंग्रजीत शोधूनही सापडत नाही, आणि ते आहे निवृत्तिनाथांच्या शोकात. निवृत्तिनाथ थोरले भाऊ आणि गुरूही. ज्याने शिष्याला ज्ञान दिले, त्यालाच त्याचा हात धरून समाधीत बसवायचे आहे आणि बाहेर येऊन शिळा लावायची आहे. ज्ञानी म्हणून त्यांनी रडू नये, असे शास्त्र म्हणेल. नामदेव त्यांना रडू देतात. आणि त्यांच्या दुःखासाठी दृष्टान्त निवडतात ते शिवारातले. बांधून ठेवलेल्या तळ्याचा बांध फुटावा आणि पाणी बारा वाटांनी निघून जावे. गवताच्या पेंढीचा आळा सुटावा आणि काडी न् काडी माळावर पांगावी. हरिणी नसलेली खोप ओस पडावी. आईबाप सोडून गेले तेव्हाही एवढे दुःख झाले नव्हते, असे निवृत्तिनाथ म्हणतात.

या दृष्टान्तांकडे नीट पाहा. तळे, पेंढी, खोप या तिन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणाऱ्या आहेत. मरण म्हणजे धरून ठेवणारे सुटणे, हे नामदेव एका शब्दानेही तत्त्वज्ञान न सांगता दाखवतात. आणि तसेच पुढे घडले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडे म्हणजे एक पेंढी होती. ज्ञानदेवांपाठोपाठ थोड्याच काळात सोपानदेव सासवडला, मुक्ताई तापीकाठच्या मेहुणला आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरला गेले. आळा सुटल्यावर काड्या पांगल्याच.

शेवटी सूर्य. मिल्टन म्हणतो, सूर्य बुडतो आणि पुन्हा उगवतो. ज्ञानदेव समाधिस्थ झाल्यावर नामदेव म्हणतात की आता दिनकर लोपला. त्याच सूर्याकडे पाहून दोन कवी दोन टोकांना जातात. मिल्टनला उगवतीची खात्री कवितेतच द्यावी लागते, कारण किंग अपघाताने गेला आहे आणि त्याला कुठलीच जागा नाही. नामदेवांना उगवतीचे बोलायची गरज पडत नाही. समाधी संजीवन आहे अशी सगळ्यांची श्रद्धा आहे, सांत्वन आधीच त्या जागेत आहे. म्हणून नामदेव निर्भयपणे अंधार सांगू शकतात. ज्याच्यापाशी श्रद्धा पक्की असते त्याला शोक आवरता घ्यावा लागत नाही, हे मला या दोन कवितांतले सर्वांत मोठे अंतर वाटते.

या अभंगांत नंतरच्या हातांची भर किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण एका अर्थाने ती भरही या विलापिकेचा भाग आहे. ‘लिसिडस’ एका माणसाने लिहिली आणि लोक ती एकेकटे वाचतात. समाधीचे अभंग दर कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत कीर्तनात उभे राहतात, आणि हजारो माणसांचे डोळे ७०० वर्षांपूर्वीच्या निरोपाने भरून येतात. जगात इतकी जुनी विलापिका, इतक्या लोकांच्या तोंडी, आजही तिथीला गायली जाते, ही थक्क करणारी गोष्ट आहे.

गोपाळांचा देव, खरे मेंढपाळ

पण यात मेंढपाळ कुठे आहे? तो देवाच्या रूपात आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात मांडले की विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरोबा आजही जोडीने पुजले जातात आणि यात्रेत धनगर भंडारा उधळतात. वारकऱ्यांच्या गौळणी, सप्ताहाच्या अखेरीस होणारा गोपाळकाल्याचा प्रसंग, हे सगळे याच गुराखी-परंपरेचे वंशज. समाधीच्या वेळी पंढरीहून आळंदीला जो देव येतो, तो गोपाळांचा देव आहे. इंग्रज कवींना मेंढपाळाचा वेश ग्रीक-लॅटिन काव्यातून आणावा लागला. इथे तो देवाच्याच अंगावर होता.

आणि खरे मेंढपाळही इथेच आहेत. जामखेड तालुक्यातले चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव, धनगर घरातली ही लेक माळव्याची राज्यकर्ती झाली, आणि २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याला तिचे नाव मिळाले. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतून धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे तांडे, पाऊस संपला की बाहेर पडतात. घोड्यांवर बिऱ्हाड, पुढे मेंढरे, मागे कोकरे. ज्याच्या रानात रात्री मेंढरे बसतात त्या शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसे. चार-सहा महिने गवत-पाण्यामागे चालायचे आणि पावसाच्या तोंडाला परतायचे.

जर्मन अभ्यासक ग्युंथर सोन्थायमर यांनी आयुष्याची अनेक वर्षे या धनगरांच्या सहवासात काढली आणि त्यांच्या ओव्या, कथा गोळा केल्या. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या त्या कथांत देवही कळपाच्याच वाटेने चालतो, रान शोधतो, लोकांशी भांडतो, मुक्काम करतो. खऱ्या मेंढपाळाचे गाणे सावलीत बसून पावा वाजवण्याचे कमी आणि वाटेचे, तहानेचे, लांडग्याचे, रोगराईचे जास्त असते.

अठराव्या शतकात डॉ. सॅम्युएल जॉन्सनने ‘लिसिडस’वर कडक टीका केली. मिल्टन आणि किंग या दोघांनी कधी कळप हाकला नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि खरे दुःख असल्या दूरच्या कल्पनांमागे धावत नाही, असा त्याचा रोख होता. १९७३ मध्ये समीक्षक रेमंड विल्यम्सने आणखी पुढचा आक्षेप घेतला: अशा काव्यात खेड्याचे सौंदर्य दिसते आणि खेड्यातले कष्ट नाहीसे होतात. ढवळपुरीच्या वाटेवरचा वाडा पाहिलेल्या माणसाला विल्यम्सचे म्हणणे लगेच पटेल. पण जॉन्सनचे म्हणणे पटत नाही, आणि ते न पटण्याचे कारण नामदेव आहेत. त्यांनीही दुःखाला शिवारात नेले, तळ्या-पेंढीपाशी नेले, आणि त्यांचे दुःख खोटे होते असे कोण म्हणेल? शोकाने रानाकडे जावे हा काव्याचा नुसता रिवाज नाही. घरात न मावणारे दुःख माणूस मोठ्या जागेत नेतो, इतकेच.

नगरचे एक घर

या दोन परंपरा ज्या घरात जवळ आल्या, ते घर याच जिल्ह्यातले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी नगरला राहत. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. इंग्रजी कवितेचा संस्कार घेतलेला हा कवी भजने आणि अभंगही रचत होता. त्यांच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे हा खानदेशातला मुलगा राहायला आला. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली होती. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्याला घरच्या मुलासारखे वागवले.

५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना बालकवी मालगाडीखाली सापडले. वय २७. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला राम गणेश गडकरी गेले. ९ मे १९१९ ला टिळक गेले. अवघ्या वर्षभरात मराठीने तीन कवी गमावले.

निसर्गाशी ज्याने माणसासारखे बोलणे केले, त्या बालकवीसाठी मराठीला ‘अडोनेस’ मिळाली असती तर, असे वाटून जाते. पण नगरच्या त्या घरातून जे मिळाले ते वेगळे आणि तितकेच मोठे आहे. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ पहिल्या काही अध्यायांवर अपुरे राहिले होते. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक अध्याय ओवीत रचून ते जवळजवळ तडीस नेले. आणि त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. या आत्मचरित्रात टिळक आहेत, ठोमरे आहेत, रुसवेफुगवे आहेत, खळखळून हसू आहे. गेलेल्या माणसाचे अपुरे काव्य पुढे नेणे आणि त्याला हसत्या-बोलत्या रूपात परत उभे करणे, याहून चांगले सांत्वन मेंढपाळांच्या कुठल्या विलापिकेने दिले आहे?

शोककाव्याचे काम काय, हे या सगळ्यातून स्पष्ट दिसते. एकट्याचे दुःख सगळ्यांचे करायचे, त्याला नदी, झाडे, जनावरे, शेजारी यांच्या हवाली करायचे, आणि मग गेलेल्याला अशी जागा द्यायची की पुढची माणसे तिथे येऊ शकतील. मिल्टनने किनारा दिला, नामदेवांनी आळंदीची तिथी दिली, लक्ष्मीबाईंनी पुस्तक दिले.

म्हणून एक मागणे आहे. नगर, संगमनेर, श्रीरामपूर इथल्या महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या मुलामुलींनी ‘लिसिडस’ परीक्षेपुरती वाचून मिटू नये. नामदेवांच्या गाथेतला समाधीचा भाग तिच्या शेजारी उघडावा आणि दोन्ही मोठ्याने वाचावे. नेवासे अहिल्यानगरपासून ६० किलोमीटरच्या आसपास आहे. पैस खांब पाहायला पाच मिनिटे पुरतात, पण तिथे समाधीचे अभंग वाचायचे असतील तर सोबत कुणाला तरी न्या. ते एकट्याने वाचण्यासाठी रचलेले नाहीत.